फाउंड्रीतील सर्व्हरवर फायरवॉल सुरू करताना : माझा अनुभव

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत कास्टिंगची ड्रॉइंग्ज, डिस्पॅचची चलने आणि वजनकाट्याच्या नोंदी हे सगळे एकाच उबुंटू सर्व्हरवर चालते, आणि त्यावर फायरवॉल (नेटवर्कवरची वाहतूक नियमांनुसार अडवणारी यंत्रणा) कधीच सुरू केलेली नव्हती. हे काम माझ्याकडे आले तेव्हा युएफडब्ल्यू हे उबुंटूमधले फायरवॉलचे साधन सुरू करायला एखाद-दुसरी आज्ञा पुरते हे मला ठाऊक होते. वेळ जाणार होता तो कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचे हे ठरवण्यात.

पोर्ट म्हणजे सर्व्हरवरच्या सेवांची क्रमांक दिलेली दारे. त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत असले तरी एखादा सर्व्हर त्यांतल्या मोजक्यांवरच ऐकत असतो. म्हणून नियम लिहिण्याआधी ‘एसएस’ या आज्ञेने यादी काढली : २२ वर एसएसएच (दुरून सर्व्हर हाताळण्याची सोय), ४४५ वर सांबा (फायली वाटून घेण्यासाठी), ५४३२ वर पोस्टग्रेस हा डेटाबेस, ४४३ वर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि ८०८० वर डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे ॲप वेगळे ठेवून चालवणाऱ्या कप्प्यात, असलेले डिस्पॅचचे ॲप. त्या क्षणी चालू असलेल्या जोडण्याही पाहिल्या, तेव्हा पोस्टग्रेसला जोडलेला एक पत्ता कार्यालयात कोणालाच ओळखता येईना. चौकशी करत फाटकापर्यंत गेल्यावर उलगडा झाला, की वजनकाट्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगाराच्या गाड्यांचे वजन थेट डेटाबेसमध्ये लिहीत होता. “हे बंद पडलं तर गाड्यांची लाइन हायवेपर्यंत जाईल बघा, सर,” असे काट्यावरच्या मामांनी बजावले. पत्त्यावर आधारलेला नियम पत्ता बदलला की निरुपयोगी होतो, म्हणून त्या कॉम्प्युटरचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला आणि ५४३२ केवळ त्याच्यासाठी खुला केला.

बाकीचे नियम फारसे अवघड नव्हते. आत येणारे सर्व नाकारायचे, बाहेर जाणारे जाऊ द्यायचे, हे मूळ धोरण. ४४३ आणि ४४५ कारखान्याच्या अंतर्गत नेटवर्कपुरते, आणि २२ फक्त देखभालीच्या कॉम्प्युटरला. सर्व्हर कुलूपबंद खोलीत होता आणि मी एसएसएचनेच जोडलेला होतो, त्यामुळे २२ चा नियम आधी लिहिला आणि दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होईल अशी सोय करूनच ती सुरू केली. नवी एसएसएच जोडणी व्यवस्थित होते हे पाहिल्यावर ती सोय काढून टाकली.

तपासणी मात्र दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनच करावी, कारण सर्व्हरवर बसून स्वतःलाच जोडून पाहिले तर ती वाहतूक लूपबॅकमधून, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या आत, जाते आणि सगळेच खुले दिसते. खुले पोर्ट शोधणारे एनमॅप चालवल्यावर ८०८० उघडा निघाला, जरी त्याला परवानगी देणारा एकही नियम युएफडब्ल्यूच्या यादीत नव्हता. डॉकर प्रसिद्ध केलेल्या, म्हणजे बाहेरून वापरायला दिलेल्या, पोर्टसाठी आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉल नियमांच्या तक्त्यांत) स्वतःचे नियम घालतो. आलेले पॅकेट आधीच कंटेनरच्या पत्त्याकडे वळवले जाते आणि इनपुट साखळीतल्या, म्हणजे खुद्द सर्व्हरसाठी आलेली वाहतूक तपासणाऱ्या, युएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोहोचतच नाही. फायरवॉल चालू आहे एवढ्या माहितीवर समाधान मानणाऱ्यांनी हे एकदा तरी तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲपचा पोर्ट १२७.०.०.१ या सर्व्हरच्या स्वतःच्या अंतर्गत पत्त्यापुरता बांधला आणि एनजिनएक्समार्फत ते ४४३ वर दिले, तेव्हा बाहेरून ८०८० दिसेनासा झाला.

नंतर सीसीटीव्ही बसवणाऱ्याने मालकांना घरून चित्रण पाहता यावे म्हणून रेकॉर्डरचा पोर्ट थेट इंटरनेटवर फॉरवर्ड करून मागितला. अशा रेकॉर्डरचा पासवर्ड बरेचदा कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो, त्यामुळे मी नकार दिला. इंटरनेट कनेक्शनला स्थिर पत्ता होता, म्हणून सर्व्हरवर वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून आत येण्याची सुरक्षित खासगी वाट) बसवून राउटरवर ५१८२० हा एकच युडीपी पोर्ट त्याच्याकडे वळवला. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. मालकांच्या फोनवरून येणारी वाहतूक फक्त रेकॉर्डरच्या पत्त्यापर्यंतच जाईल असा स्वतंत्र राउट नियमही (सर्व्हरमधून पुढे जाणाऱ्या वाहतुकीसाठीचा) त्यासोबत लिहिला.