तुम्ही विचारलंत म्हणून: नोडमध्ये प्रोजेक्टचा रूट कसा काढायचा

आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी मेसेज टाकतो, नाहीतर आयटी पार्कजवळ तर्री पोहे खाताना गाठतो, "भाऊ, नोडमध्ये (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारं ते) प्रोजेक्टचा रूट, म्हणजे सगळ्यात वरचा फोल्डर मिळवायची एक लाइन सांगा ना." मी लगेच सांगत नाही, तर काही जणांना वाटतं हा भाव खाऊन राहिला. तसं नाही हो. ती एक लाइन, प्रोसेस डॉट सीडब्ल्यूडी, मीच कितीतरी जणांना देत होतो, आणि नंतर काय झालं ते आज एकदाचं पूर्ण लिहितो.

आधी एवढं धरून चाला की तुमचा प्रोजेक्ट म्हणजे काय हे चालणाऱ्या कोडला कोणी सांगितलेलंच नसतं. प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, कोणत्या फोल्डरमधून सुरू झाली ते सीडब्ल्यूडी (करंट वर्किंग डिरेक्टरी) सांगतं, आणि ही फाइल कुठे ठेवलीय ते डिरनेम. दुसरी कोड फाइल आत घेणाऱ्या रिक्वायरमधला डॉट-स्लॅश (म्हणजे 'इथून') फाइलपासून मोजतात, फाइली वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एफएसला दिलेला डॉट-स्लॅश सीडब्ल्यूडीपासून. लॅपटॉपवर एनपीएम रन मारलं की एनपीएम (नोडसोबत येणारं टूल) स्वतःच पॅकेज डॉट जेसनच्या, म्हणजे प्रोजेक्टची माहिती असलेल्या फाइलच्या, फोल्डरमध्ये जाऊन स्क्रिप्ट चालवतं, म्हणून घरी सगळं बरोबरच दिसतं.

नागपुरातल्या कळमन्याच्या मार्केटमधल्या एका अडत्याचं काम होतं माझ्याकडे. संत्र्याचा हिशोब आणि शेतकऱ्याला द्यायची पट्टी, पीडीएफमध्ये. त्या पीडीएफ सीडब्ल्यूडीला जोडून 'पट्ट्या' नावाच्या फोल्डरमध्ये जायच्या. सर्व्हरवर मी लॉगिन करून, सीडी कमांडने प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन, हातानेच ॲप सुरू करायचो, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही. मग नोव्हेंबरात, आंबिया बहाराची आवक जोरात असताना, सर्व्हर बंद पडून उठला तर ॲप आपोआप उठावं म्हणून रात्री बसून सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारं ते) सर्व्हिस फाइल लिहिली. त्यात वर्किंग डिरेक्टरी लिहायची राहिली. ती नसली की सिस्टमडी प्रोसेसला थेट स्लॅशवर उभं करतं, डिस्कच्या अगदी वरच्या टोकाला. यूजरही लिहिला नव्हता, म्हणजे सगळे अधिकार असलेला रूट यूजर (हा रूट वेगळा, फोल्डरचा नाही). डेटाबेसचा पासवर्ड सर्व्हिस फाइलमध्येच होता, जोडणी झाली. आणि फोल्डर नसेल तर बनव असं मीच कोडमध्ये सांगून ठेवलेलं, तर त्याने स्लॅशवर नवा कोरा 'पट्ट्या' बनवला. कुठेही एरर नाही. एक नवी पट्टी काढून पाहिली, निघाली, झोपलो.

पहाटे साडेपाचला फोन. "भाऊ, जुनी एकबी पट्टी उघडून नाही राहिली, शेतकरी समोर उभा आहे."

माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीने आदल्याच दिवशी टेम्प फाइली साफ करायचा कोड टाकला होता. मी काही न तपासता तिला फोन लावला आणि पहिलंच वाक्य, "तू काय डिलीट केलंस?" ती रडवेली झाली, सॉरी दादा सॉरी दादा करत दोन तास स्वतःचाच कोड ओळ न ओळ वाचत बसली, आणि मी बॅकअप शोधत होतो, मध्येमध्ये तिलाच बोलत होतो. शेवटी तिनेच, चालू प्रोसेसची माहिती असते त्या प्रॉक फोल्डरमध्ये जाऊन त्या प्रोसेसचा सीडब्ल्यूडी पाहिला आणि स्क्रीनशॉट पाठवला. बाणाच्या पुढे फक्त एक स्लॅश. बाकी काही नाही. पट्ट्या सगळ्या जुन्या फोल्डरमध्ये सुखरूप होत्या. वर्किंग डिरेक्टरीची एक ओळ टाकली, ॲप परत सुरू केलं, रात्रीची एक पट्टी तेवढी हलवली. तिला सॉरी म्हणायला मला चार दिवस लागले, आणि ते मला अजून टोचतं.

आता तेव्हाचा मी म्हणेल, चूक सर्व्हिस फाइलची, सीडब्ल्यूडीची काय चूक? खरंय ते. कमांड लाइनचं टूल लिहीत असाल तर सीडब्ल्यूडीच पाहिजे, वापरणारा ज्या फोल्डरमध्ये उभा आहे तिथेच त्याचं काम असतं. पण सर्व्हर कोण, कुठून, कशाने सुरू करेल हे तुमच्या हातात नसतं. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन तर यूजरच्या होम फोल्डरमधून चालवतो. रिक्वायर डॉट मेनवर, म्हणजे सुरुवातीची फाइल सांगणाऱ्यावर, विसंबू म्हणाल तर ॲप चालू ठेवणारं पीएमटू लावलं की तिथे कधीकधी पीएमटूचीच फाइल येऊ शकते.

मी सध्या करतो ते असं, रूट डॉट जेएस नावाची एकच फाइल, तिच्यात डिरनेमवरून रस्ता काढायचा आणि बाकी सगळ्यांनी तिथूनच घ्यायचा. इम्पोर्ट वापरणाऱ्या नव्या पद्धतीच्या ईएस मॉड्यूलमध्ये डिरनेम नसतं, तिथे इम्पोर्ट डॉट मेटा डॉट यूआरएलवरून काढावं लागायचं, नोड 20.11 पासून इम्पोर्ट डॉट मेटा डॉट डिरनेम आलंय. पण टाइपस्क्रिप्टमधून तयार झालेला कोड डिस्ट नावाच्या फोल्डरमध्ये गेला की कधीकधी एक पायरी वाढते आणि रस्ता चुकतो. म्हणून मग पॅकेज डॉट जेसन सापडेपर्यंत वर चढत जायचं. तर आता आमचा मोनोरेपो (एकाच प्रोजेक्टमध्ये अनेक ॲप) झालाय, पॅकेज डॉट जेसन जागोजागी, आणि चढाई पहिल्याच ठिकाणी थांबते.

माझ्यासोबतची ती मुलगी म्हणते सगळ्यात वरचा तोच रूट, मी म्हणतो ज्या ॲपचं काम त्याचाच. वर ती असंही म्हणते की दादा, पट्ट्या प्रोजेक्टच्या आत ठेवायच्याच कशाला, पूर्ण रस्ता एन्व्ह व्हेरिएबलमध्ये (ॲप सुरू करताना बाहेरून दिलेली सेटिंग) द्या. हे मला पटलंय, आणि व्हेरिएबल रिकामं असेल तर ॲपने सुरूच व्हायचं नाही, एवढ्यावर आमचं जमलंय. रूट कोणता, त्यावर अजून नाही.