आमची वाटचाल : अक्षरी रक्कम आणि तीनशे रुपये

२००६ ला इचलकरंजीत आम्ही दोघांनी सुरुवात केली, मी आणि माझा मावसभाऊ, एक खोली, दोन कॉम्प्युटर. यंत्रमागवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं, सुताचा स्टॉक, कापडाची बिलं, कामगारांची पिकावरची (कापडातल्या आडव्या धाग्यांवर मोजायची) मजुरी. पहिली दोन वर्षं कशी काढली ते आमचं आम्हाला माहिती.

बिलाच्या खाली मराठीत अक्षरी रक्कम पाहिजे म्हणून प्रत्येक कारखान्याचे दिवाणजी मागे लागायचे. इंग्रजीत सोपं आहे, ट्वेंटी थर्टी घ्यायचं आणि पुढं वन टू जोडायचं. मराठीत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द, ७९ एकोणऐंशी, ८९ एकोणनव्वद, मग ९९ आला की नव्व्याण्णव, फॉर्म्युला बसतच नाही, सगळा तक्ताच टाइप करावा लागतो. माझ्या बायकोने पोराची अंकलिपी समोर ठेवून तो टाइप केला. तरी एक चूक राहिली, ९३ ला त्र्याऐंशी छापून यायचं, आणि एका म्हाताऱ्या दिवाणजींनी ९३ हजाराच्या बिलावर ती पकडली म्हणून बरं, नाहीतर पार्टीने दहा हजार कमीच दिले असते.

त्याची आम्ही छोटी डीएलएल, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रामला जोडता येईल अशी फाइल, केली आणि सांगली, मालेगाव, भिवंडीच्या ओळखीच्या डेव्हलपर मंडळींना फुकट दिली. मग फोन सुरू झाले, कुणाला पैसे दशांशात पाहिजेत, कुणाचा फॉन्ट तुटतोय, कुणी नवीन विंडोज टाकली. रोजचे दोन तास त्यातच जायला लागले. शेवटी २०११ च्या जानेवारीत ठरवलं, तीनशे रुपये घ्यायचे, आणि जुनी डीएलएल १ एप्रिलला बंद पडेल अशी तारीख कोडमध्ये घातली पण.

आणि फेब्रुवारीत रिफ्लेक्टरचं झालं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सांगायला नको, डीएलएल उघडून आतला कोड दाखवणारं टूल, लुट्झ रोएडरने बनवलेलं, कितीतरी वर्षं फुकट. आमच्या एका गिऱ्हाइकाचा जुना प्रोग्रामर सोर्स, म्हणजे मूळ कोड, न देताच निघून गेलेला, मजुरीच्या राउंडिंगचा हिशोब आम्ही त्यातूनच शोधून काढला होता. २००८ मध्ये ते केंब्रिजच्या रेड गेट कंपनीने घेतलं, तेव्हा फुकट व्हर्जन चालू ठेवू म्हणाले होते. आता म्हणाले, नवीन व्हर्जन ३५ डॉलर, आणि आधीची फुकट कॉपी ठरलेल्या तारखेला बंद होणार. जगभरचे डेव्हलपर खवळले. ३५ डॉलर म्हणजे तेव्हाचे दीड-एक हजार रुपये, कंपनीत काम करणाऱ्याला जड नाहीत, आणि द्यायला तयार असलेले पण बरेच होते. राग होता तो दिलेल्या शब्दाचा, आणि आपल्या मशीनवर चालू असलेली गोष्ट कुणीतरी लांबून बंद करणार याचा. शार्पडेव्हलपच्या लोकांनी लगेच आयएलस्पाय काढलं, जेटब्रेन्सने डॉटपीक, टेलरिकने जस्टडिकंपाइल, अशीच टूल, सगळी फुकट. एप्रिलमध्ये रेड गेटने मागं येऊन जुन्या वापरणाऱ्यांना सहावं व्हर्जन मुदतीशिवाय फुकट ठेवलं. चूक सुधारली याचं मला कौतुकच वाटतं, असं जाहीरपणे मागं यायला धाडस लागतं.

आम्ही मात्र त्याआधीच, फेब्रुवारीतच, रात्री बसून ती तारखेची ओळ काढून टाकली. सगळ्यांना फोन करून सांगितलं की तुमच्याकडं जे आहे ते तसंच चालणार, नवीन व्हर्जन आणि फोनवरची मदत पाहिजे असेल तर तीनशे. मालेगावच्या एकाने तरी बराच वेळ सुनावलं, म्हणे तुमच्या भरवशावर चाळीस गिऱ्हाइकांना बसवलंय, मी ऐकून घेतलं कारण त्याची भीती खरी होती. भिवंडीच्या एका पोराने स्वतःच तक्ता टाइप करायला घेतला, त्याला मी आमच्या सापडलेल्या चुकांची यादी दिली, त्याने तरी परत ९३ ला का अडखळावं. पहिल्या वर्षी निम्म्याच लोकांनी पैसे भरले, पण त्यात एका मुलीचा पगार निघाला आणि फोन ती घ्यायला लागली.

परवा यड्रावला एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, गेलो होतो, तिथं ती जुनी फुकटची डीएलएल अजून चालू दिसली. मालक जरा संकोचले. त्यांना म्हणलं चालू द्या, फक्त नवीन कॉम्प्युटर घ्याल तेव्हा आधी एक फोन करा.