पॉटच्या आईस्क्रीममधलं मीठ नक्की काय करतं

मागच्या मे महिन्यात जुन्या बाजारात एक लाकडी बादलीवाला आईस्क्रीमचा पॉट मिळाला, हँडल थोडं गंजलेलं, आतला पत्र्याचा डबा मात्र ठणठणीत, आणि मी अजिबात घासाघीस न करता घेऊन टाकला. लहानपणी आमच्या गल्लीत एकाच घरी असा पॉट होता आणि तो उन्हाळाभर या घरातून त्या घरात फिरायचा. फिरवायला पोरांची रांग, आणि ज्याच्या हातात असताना हँडल जड होईल त्याला आतला पंखा चाटायला मिळायचा. ते सगळं डोळ्यासमोर येऊन मी सोसायटीच्या गच्चीवर बेत ठरवला. दीड लिटर दूध आटवून लिटरभर केलं, २०० ग्रॅम साखर, बर्फवाल्याकडून चार किलो बर्फ आणला, गोणपाटात गुंडाळून बत्त्यानं फोडला, आणि मीठ म्हणून घरातलं बारीक मीठ दोन मुठी. आमरस शेवटी घालायचा होता. तासभर फिरवलं, आळीपाळीनं सहा जणांनी फिरवलं, आणि झाकण उघडलं तर आत गारेगार मिल्कशेक. पोरांनी ग्लासात ओतून प्यायला, तक्रार कुणाची नव्हती, पण माझी फजिती व्हायची ती झालीच.

शेजारचे काका म्हणाले, "अगं मीठ कमी पडलं. मीठ बर्फाला गार करतं ना." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय आणि केमिस्ट्रीत बीएस्सी करूनही कधी त्यावर थांबून विचार केला नव्हता. मीठ कसं काय गार करेल? मीठ तर डब्यातून काढलेलं, खोलीच्या तापमानाचं, मेमधलं म्हणजे चांगलं ३५ अंशांचं! त्याच्याकडे द्यायला गारवा आहेच कुठे.

मग रात्री बारावीतली भाची आणि मी वही घेऊन बसलो, कारण तिचा 'सोल्यूशन्स'चा चॅप्टर तेव्हा चालूच होता आणि तिला कोलिगेटिव्ह प्रॉपर्टीज (विरघळलेले कण किती यावर ठरणारे गुणधर्म, जसं पाण्यात काही विरघळलं की ते शून्याच्या खाली गोठतं) म्हणजे पाठ करायची चार सूत्रं एवढंच माहीत होतं (चूक तिची नाही, क्लासमध्ये तसंच शिकवतात).

आधी आतल्या डब्याचं बघितलं. दूध शून्याला गोठतच नाही, उणे अर्ध्या अंशाच्या जरा खाली, साधारण उणे ०.५४ ला गोठतं, आणि हा आकडा इतका पक्का असतो की डेअरीत दुधात पाणी घातलंय का ते गोठणबिंदू मोजून पकडतात, पाणी घातलं की आकडा शून्याकडे सरकतो. कारण दुधात विरघळलेली लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आणि क्षार. आटवलं की तेच कण कमी पाण्यात राहतात, म्हणजे आकडा अजून खाली जातो, आमच्या हिशोबानं उणे ०.९ च्या आसपास. त्यात २०० ग्रॅम साखर. साखरेचा एक मोल (कण मोजायचं रसायनातलं माप, डझनसारखं) म्हणजे ३४२ ग्रॅम, म्हणजे ०.५८ मोल, आणि आटवलेल्या दुधात पाणी साधारण ८०० ग्रॅम, म्हणजे मोलॅलिटी (किलोभर पाण्यात किती मोल) ०.७२ च्या आसपास, गुणिले पाण्याचा स्थिरांक १.८६ (किलोभर पाण्यात एक मोल कण गेले की गोठणबिंदू इतके अंश उतरतो), की आले १.३ अंश. दोन्ही मिळून उणे २.२. म्हणजे माझं आईस्क्रीम गोठायला सुरुवातच उणे २ च्या खाली होणार होती! नुसत्या बर्फात, शून्यावर, मी रात्रभर हँडल फिरवलं असतं तरी काही झालं नसतं.

आता बाहेरची बादली. चार किलो बर्फात माझं मीठ जेमतेम १०० ग्रॅम. भाचीनं पटकन मांडलं, १०० भागिले ५८.४ म्हणजे १.७ मोल, चार किलो पाणी, गुणिले १.८६ आणि मिठाचे दोन तुकडे होतात म्हणून गुणिले २. उत्तर उणे १.६. अर्थात हे सगळा बर्फ वितळल्यावरचं, सुरुवातीला वितळलेलं पाणी थोडं असतं म्हणून खारं पाणी दाट आणि जास्त थंड असतं, पण मी काय करत होते तर बादलीच्या भोकाचं बूच काढून दर दहा मिनिटांनी पाणी सोडत होते, कारण लहानपणी कुणीतरी तसं करताना बघितलेलं. म्हणजे जे थोडं मीठ होतं तेही मीच गच्चीच्या मोरीत सोडत होते. ते भोक खरं तर खारं पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढून आत जाऊ नये म्हणून असतं, नाहीतर आईस्क्रीम खारट. बाकी पाणी आत राहिलेलंच बरं, डब्याला चिकटून गारवा तेच पोचवतं, बर्फाचे खडे चारदोन ठिकाणीच टेकतात.

पण काकांच्या वाक्याचं उत्तर यात अजून आलंच नाही, आणि इथे मला स्वतःला मजा वाटली. गोठणबिंदू खाली जातो हे ठीक, पण तापमान खाली का जावं? शून्य अंशांचा बर्फ आणि त्यावर मीठ, दोघांनाही कुणी थंड करत नाहीये. होतं असं की बर्फाच्या अंगावर नेहमी थोडं पाणी असतं, शून्यावर जेवढा बर्फ वितळतो तेवढंच पाणी परत गोठतं, हिशोब बरोबरीचा. मीठ पडलं की त्या पाण्यात कणांची गर्दी होते, पाणी परत बर्फात जायचं कमी होतं, वितळणं मात्र चालूच. आणि वितळायला उष्णता लागते, ग्रॅमला ३३४ ज्यूल, म्हणजे तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. ती आणणार कुठून? लाकडी बादली बाहेरची उष्णता सहज आत येऊ देत नाही (म्हणून तर लाकडी), मग बर्फ ती स्वतःच्याच शेजाऱ्यांकडून घेतो, दुसऱ्या बर्फाकडून, खाऱ्या पाण्याकडून, आणि पत्र्यातून माझ्या दुधाकडून. सगळेच थंड होत जातात. मीठ फक्त वितळायला भाग पाडतं. आम्ही अंदाज काढला की ते दूध गार करून निम्म्याहून जास्त गोठवायला जवळजवळ एक किलो बर्फ वितळावा लागतो. म्हणजे बर्फ वितळतोय म्हणून मी हळहळत होते आणि काम तर तेच करत होतं.

भाचीनं विचारलं, मग मीठच का, साखर का नाही? हिशोब केला. पाणी उणे १० पर्यंत गोठू द्यायचं नसेल तर किलोला मीठ १५७ ग्रॅम पुरतं, साखर मात्र सूत्रानं जवळजवळ १८४० ग्रॅम! एकतर मिठाचा कण हलका, ५८ विरुद्ध ३४२, आणि वर त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन होतात. कण कुठला याला महत्त्व नाही, किती आहेत ते मोजायचं, आणि सूत्रातला तो फॅक्टर आय म्हणजे एवढंच, एकाचे किती कण होतात, मिठासाठी दोन. हे दोन होणं पहिल्यांदा ठामपणे मांडलं अर्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं, १८८४ च्या प्रबंधात, परीक्षकांनी त्याला काठावर पास केलं आणि १९०३ ला त्याच गोष्टीसाठी नोबेल मिळालं. भाचीला हे फारच आवडलं, युनिट टेस्टचे मार्क नुकतेच आले होते.

मग जास्तीत जास्त किती मीठ टाकावं? काकांचं मत होतं की टाक अजून एक किलो. उपयोग नाही. मीठ-बर्फाचं गणित उणे २१ ला संपतं, तेव्हा खाऱ्या पाण्यात मीठ २३ टक्के असतं, त्यापुढचं मीठ तळाशी नुसतं बसून राहतं. सूत्र तिथे उणे १९ सांगतं, कारण सूत्र पातळ द्रावणासाठीच आहे, एवढ्या गर्दीत कण बरंचसं पाणी स्वतःभोवतीच धरून ठेवतात. आणि मीठ तसंही हट्टी, १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ३९. साखर बघा, साध्या पाण्यात २०० च्या आसपास आणि उकळत्यात पावणेपाचशेच्या वर, म्हणून तर पाक होतो.

पुढच्या रविवारी परत बेत. या वेळी खडेमीठ अर्धा किलो, बर्फाचा थर, मिठाचा थर, असं. खड्यांचं रसायन वेगळं नाही, ते हळूहळू विरघळतात आणि बर्फाच्या फटीत टिकतात, बारीक मीठ झरकन खाली जाऊन बसतं. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर खाऱ्या पाण्यात बुडवला तर उणे १३! बादलीला बाहेरून पाणी सुटलं, बोटं चिकटायला लागली, आणि पंचवीस मिनिटांत हँडल जड. शेवटी आमरस. थोडं गोठलं की उरलेला पाक अजून दाट होतो, म्हणून तो अजून खालच्या तापमानाला गोठतो, म्हणून शेवटपर्यंत सगळं दगड होत नाही आणि चमचा आत जातो. सासऱ्यांना शुगर आहे म्हणून त्यांच्यासाठी थोडं बिनसाखरेचं फ्रीजरमध्ये लावलं होतं, ते सुरीनंही निघेना. ते म्हणाले असू दे, चोखतो.

उरलेलं खारं पाणी मात्र काकांनी कुणाला न विचारता गच्चीवरच्या जास्वंदीच्या कुंडीत ओतलं, पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून. किलोला सव्वाशे ग्रॅम मीठ, परासरण दाब (दाट द्रावण पातळातलं पाणी ज्या जोरानं ओढतं तो) सूत्रानं १०० अ‍ॅटमॉस्फिअरच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या शंभरपटीच्या, आसपास, मुळांची काय टाप ते पाणी ओढायची, उलट त्यांच्यातलंच बाहेर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पानं माना टाकून बसली. पाच-सहा बादल्या गोडं पाणी सोडून कुंडी धुतली, खालून निघालेलं पाणी भाचीनं जिभेवर घेऊन बघितलं, चौथ्या बादलीपर्यंत खारट लागत होतं. जास्वंद जगली, फूल मात्र थेट गणपतीत आलं.