पगारपत्रकांपासून बाळंतिणींपर्यंत

रविवार, रात्रपाळीनंतर

एका कंपनीतील पगारपत्रकांचे काम सोडून मी पश्चिम लंडनमधील एका रुग्णालयात मॅटर्निटी सपोर्ट वर्कर, म्हणजे प्रसूती साहाय्यक, म्हणून रुजू झाले, त्याला आता वर्ष होत आले, तरीही साताऱ्याहून आईचा फोन आला की तिचा प्रश्न ठरलेला असतो, "अगं, एम.कॉम. करून शेवटी आयाबाईचंच काम ना?" पूर्वी मी यावर चिडत असे. आता चिडत नाही, कारण तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. चादरी बदलणे, बेडपॅन देणे, पाण्यातील प्रसूतीनंतर टब घासून निर्जंतुक करणे, हे सारे माझ्या कामात येते. फरक एवढाच की आपल्याकडच्या आयाबाईंना बाळंतिणीचे जे दिसते ते कोणी लिहून घेत नाही; येथे मी पाहिलेले माझ्या नावानिशी नोंदले जाते आणि त्यावर पुढचा निर्णय होतो.

निर्णय मात्र माझा नसतो. मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईणी, नोंदणीकृत असतात, आम्ही नसतो, आणि त्यांनी सोपवलेले तेवढेच करायचे असते. कोणत्या पातळीच्या साहाय्यकाने काय करावे याची चौकट इंग्लंडमध्ये 2019 मध्ये आखली गेली. मी त्या चौकटीत बँड 3 वर आहे, आणि या वेतनश्रेणीत हातात येणारी रक्कम माझ्या जुन्या पगारापेक्षा बरीच कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

सिझेरियन झालेल्या स्त्रीचा रक्तदाब, नाडी, श्वास आणि तापमान ठरावीक अंतराने घेऊन मी रंगीत पट्ट्यांच्या तक्त्यावर मांडते. आमच्याकडे एक आकडा लाल पट्टीत किंवा दोन आकडे पिवळ्या पट्टीत गेले की हातातले काम टाकून मिडवाइफला सांगायचे, असा नियम आहे. पगारपत्रकातील तफावत मी पुढच्या महिन्यात जुळवून घेत असे. येथे "पुन्हा एकदा मोजून बघू" म्हणत दहा मिनिटे घालवणे हाच धोका असतो, आणि आपल्याला कारण कळले नसतानाही आवाज द्यायचा ही सवय अंगी बाणवणे मला सर्वांत जड गेले, कारण कार्यालयात कारण शोधल्याशिवाय साहेबांसमोर जायचे नाही, हीच शिस्त होती.

काल रात्री बराच वेळ एका पहिलटकरणीपाशी गेला. बाळ झोपाळू होते, छातीशी धरले तरी तोंड उघडत नव्हते. अशा वेळी हाताने चीक काढायला शिकवावे लागते: स्तनाग्राच्या थोडे मागे अंगठा आणि बोटे ठेवायची, दाबायचे, सोडायचे, आणि घट्ट पिवळा थेंब आला की तो बारीक सिरिंजमध्ये ओढून घ्यायचा. अर्ध्या तासात जेमतेम एक मिलिलिटर निघाले, तेव्हा तिला रडू कोसळले. पहिल्या दिवशी बाळाचे पोट अगदी लहान असते हे मी तिला समजावले आणि तिच्याच हाताने बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला ते हळूहळू सोडायला लावले. हे काम घाईत होत नाही, आणि एकाच वेळी अनेक बाळंतिणी सांभाळणाऱ्या मिडवाइफपाशी तेवढा वेळ क्वचितच असतो. माझ्या मते आमच्या पदाचे खरे मोल येथे आहे.

मध्यंतरी मी घरभेटी देणाऱ्या पथकाबरोबरही होते. पाचव्या दिवशी बाळाचे वजन करतात (जन्माचा दिवस शून्य धरून, त्यामुळे आपल्या मोजणीने तो सहावा) आणि टाचेतून रक्त घेऊन कार्डावरची चार वर्तुळे भरतात. वजनातील घट जन्मवजनाच्या एक दशांशापर्यंत गेली तर दूध पाजण्याकडे लगेच बारकाईने लक्ष द्यावे लागते. एका मराठी घरी त्या दिवशी सटवाईच्या पूजेची मांडणी झाली होती, कोरा कागद आणि लेखणीसह, आजींनी विचारले, "आजच टोचायला हवं का गं त्याला?" सिकल सेल किंवा थायरॉइडसारखे दोष लक्षणे दिसण्याआधी कळले तर उपचार वेळेवर सुरू होतात, हे मी सांगितले. आजींनी मान डोलावली, पण संमती आईची लागते, आणि तिने ती दिली.

मराठी, हिंदी आणि मोडकी गुजराती येत असल्याने मला वारंवार हाक मारली जाते. तहान, दुखणे, शौचाला जाणे इथपर्यंत मी बोलते. शस्त्रक्रियेची संमती घ्यायची असेल तर दुभाष्यालाच बोलवावे लागते. सुरुवातीला मला हा नियम ताठर वाटे. आता तो योग्य वाटतो, कारण मला न समजलेले मीच सोपे करून सांगितले असते.

मिडवाइफ कधी होणार, असे सहकारी विचारतात. त्यासाठी तीन वर्षांची पदवी घ्यावी लागते, आणि धाकटी अजून प्राथमिक शाळेत आहे. तूर्तास रक्त काढण्याचे प्रशिक्षण पूर्ण करायचे आहे. त्यासाठी पुढच्या महिन्यातील तारीख मिळाली आहे.