दोन नळ्यांचा रेग्युलेटर खोलात नेताना

रॉयल अ‍ॅक्वा मास्टर हा पाणबुड्यांचा जुना, दोन नळ्यांचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला योग्य दाबाने देणारं यंत्र. त्याचा झडपांचा डबा सिलिंडरच्या तोंडाशी, म्हणजे पाठीवर असतो. पोहताना तो फुफ्फुसांच्या वर राहतो, तिथे पाण्याचा दाब कमी, म्हणून श्वास जड लागतो. सिलिंडर खाली सरकवून डबा खांद्याच्या फऱ्यांमध्ये, पाठीला चिकटवून बांधा. निम्मी तक्रार तिथेच मिटते. ४० मीटरवर हवा पाचपट दाट होते, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. उताणे झालात की डबा फुफ्फुसांखाली जातो आणि हवा आपोआप वाहू लागते. तो बिघाड नव्हे.

मुखनळीत पाणी शिरलं तर डावीकडे कलून जोरात फुंका, कारण उच्छ्वासाची नळी डावी. बुडी मारण्याआधी नळ्या ताणून वळ्यांमधल्या भेगा बघा. उच्छ्वासाची रबरी चोच (श्वास बाहेर सोडणारी चपटी झडप) जुनी झाली की चिकटते. सरळ सिलिकॉनची बसवा. मूळ रचनेत सिलिंडरमधली हवा किती उरली ते दाखवणाऱ्या दाबमापकाला जागाच नाही, त्याची सोय आधी करा.