वाकळ क्रमांक ३: थर लागले, निम्मे दोरे पडले

वाकळ म्हणजे जुन्या कापडाचे थर शिवून केलेली गोधडी. हिच्या कापडाचा हिशेब असा. सुती नऊवारी लुगडं १, धोतर १, कॉलरी गेलेले सुती सदरे २. विकत आणला तो फक्त दोरा.

लुगड्याला आधीच दंड घातलेला होता. मधला विरलेला वारभर भाग काढून दोन्ही चांगली टोकं जोडलेली. म्हणजे हाती आले ८ वार, २४ फूट. दंडाची शिवण नेमकी मधोमध असल्यानं कात्री तिथंच लावली आणि ६-६ फुटांचे चार तुकडे पाडले. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच, म्हणून जोड द्यावा लागला नाही.

आता कोणता तुकडा कुठं, हे ठरवण्यातच वाकळेचं आयुष्य ठरतं. प्रत्येक तुकडा उन्हाकडे धरून पाहिला. जिथं उजेड जास्त आरपार येतो तिथं दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणलं. तट्‌ आवाज झाला की ते कापड आतल्या थरात. लुगडं कासोट्याच्या आणि बसायच्या जागी आधी विरतं. सगळ्यात धड दोन तुकडे वर आणि खाली, उरलेले दोन आत, त्यांच्यामध्ये धोतराचा एक थर. विरलेल्या जागी सदऱ्यांच्या पाठीची ठिगळं, पण एकावर एक नाही. तसं केलं तर तिथं गाठ येते आणि सुई अडते.

थर ५ च ठेवले. जास्त थरांची ऊब चांगली, हे खरं, पण ती ओली वाकळ दोघींना पिळवत नाही आणि पाणीही फार पिते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं धुवायची तर पातळ वाकळच परवडते.

कापायच्या आधी सगळं कापड गरम पाण्यात भिजवून खळ काढली आणि कडक वाळवलं. ही पायरी गाळली की पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही आणि वाकळेला सुरकुत्या पडतात. पॉलिस्टरची साडी थरात घेतली नाही. ती सुतावरून सरकते, घाम टिपत नाही.

थर सपाट फरशीवर अंथरले, मधून कडेकडे हात फिरवून हवा काढली, मग वीतवीत अंतरावर कच्चे टाके. मागच्या वाकळेला कच्चे टाके न घालता कडेपासून आत दोरे घातले होते. सगळा ढिलेपणा ढकलत ढकलत मध्ये आला, फुगा धरला, शेवटी चार रांगा उसवाव्या लागल्या.

दोरा जाड सुती, दुहेरी, मेणावरून ओढलेला. एका वेळी दुहेरी होऊन दोन हात, त्याहून लांब घेतला की गुंता. धावदोरा, टाका अर्ध्या इंचाचा, रांगांमध्ये दीड इंच. या मापानं पूर्ण वाकळेला १३० मीटरच्या आसपास दोरा लागेल. सुई खाली पूर्ण उतरल्याची खूण म्हणजे डाव्या हाताच्या बोटाला टोक लागणं. ते नाही लागलं तर खालचा थर सुटलाय. दोरा फार ओढूही नये, विरलेलं सूत टाक्यापाशीच कापलं जातं.

आतापर्यंत ३० पैकी १५ रांगा झाल्या. लुगड्याचे काठ आधीच कापून बाजूला ठेवलेत. चारही कडांना तेच दुमडून लावायचे, कारण वाकळ आधी कडेलाच फाटते.

सदऱ्यांच्या बाह्यांची पोतेरी झाली, धोतराच्या चिंध्या काकड्यासाठी फडक्यात बांधल्या. बटणं १३ निघाली, डबीत आहेत. उद्या सोळावी रांग.