तुम्ही विचारलंत म्हणून : ज्या कामातलं काही येत नाही, त्याबद्दल तासभर बोलायचं कसं?

"एका भागात भूलतज्ज्ञ, पुढच्या भागात क्रेन चालवणारा, त्याच्या पुढे शिल्पकार. यातलं कुठलंच काम तुम्हाला येत नाही. मग या माणसांशी तास-दीड तास बोलता तरी कशा?" माझ्या पॉडकास्टबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा. काही जण कौतुकाने विचारतात. स्वतःचा पॉडकास्ट सुरू करायच्या बेतात असलेले काही जण मात्र काळजीने विचारतात, आणि हे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मी पाहुण्याला त्याच्या कामाबद्दल विचारते. हातात काय होतं, नजर कुठे होती, कानावर काय पडत होतं, इतक्या बारकाईने विचारते. "तुमच्या आजवरच्या प्रवासाबद्दल सांगा" हे मी कुणालाच म्हणत नाही. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं, सत्कारांत आणि परिचयांत सांगून सांगून गुळगुळीत झालेलं. "काल कामावर पोचल्यावर सगळ्यात आधी काय केलंत?" याचं उत्तर कुणाकडेच तयार नसतं. माणूस आठवू लागतो, आणि आठवता आठवता त्याचा बोलण्याचा सूरच बदलतो.

भूलतज्ज्ञ बाई आल्या तेव्हा सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, "आमच्या कामात सांगण्यासारखं काय आहे? आम्ही झोपवतो आणि उठवतो." मी विचारलं, "ऑपरेशन चालू असताना तुम्ही सतत मॉनिटरकडे बघत असता का?" त्या म्हणाल्या, "बघण्यापेक्षा जास्त ऐकत असते." मग त्यांनी पल्स ऑक्सिमीटर समजावून सांगितला. पेशंटच्या बोटाला लावलेल्या चिमट्यातून तांबडा आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश जातो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतं, त्यावरून आकडा निघतो. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात शोधून काढलेलं हे तत्त्व. पण बाईंना सांगायचं होतं ते आकड्याबद्दल नव्हतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हे यंत्र 'टिप्' असा आवाज करतं आणि रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ लागला की त्या आवाजाची पट्टी खाली येते. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सिरिंजमध्ये औषध भरत असल्या, तरी पट्टी जरा उतरली की मान आधी वळते, विचार नंतर येतो. हे सांगताना त्यांनी तो आवाज तोंडाने काढून दाखवला, एकेक पायरी उतरत. स्टुडिओत आम्ही दोघी आणि ध्वनिमुद्रक, तिघंही ताठ बसलो होतो. "काही सांगण्यासारखं नाही" म्हणणाऱ्या बाई त्यानंतर थांबल्याच नाहीत.

पाहुण्याला त्याच्या कामाचं बरंच काही ठाऊक असतं, पण ते शब्दांत कधी मांडलेलं नसतं. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६० च्या दशकात हेच मांडलं होतं, की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. ते बाहेर कसं काढायचं? माझा भरवशाचा प्रश्न एकच: "नवीन मुलगा कामावर आला की त्याचं काय चुकतं?" दुसऱ्याला शिकवताना आपल्या हाताला सवयीचं झालेलं काम माणसाला पुन्हा दिसू लागतं. क्रेनवाले दादा याच प्रश्नावर खुलले. लटकलेला माल झोके घ्यायला लागला की नवीन माणूस घाबरून क्रेन उलट्या दिशेला ओढतो आणि झोका वाढवून ठेवतो. अनुभवी माणूस मालाच्या मागोमाग जातो. झोका टोकाला पोचतो त्या क्षणी दोर जिथून लोंबतो ती जागा बरोबर मालाच्या डोक्यावर आणली की माल शांत होतो. हे त्यांनी दोन्ही तळव्यांनी करून दाखवलं. ऐकणाऱ्याला तळवे दिसत नाहीत, म्हणून मी विचारलं, "म्हणजे माल पुढे गेला की तुम्हीही त्याच्याबरोबर पुढे जाता?" पॉडकास्टमध्ये हे काम यजमानाचंच. समोरच्याचे हात जे बोलतात, ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायला हवं.

तयारी करावी लागते, भरपूर. पण ज्ञान दाखवायला मी वाचत नाही. अमुक उत्तर आलं की त्याच्या पुढचा प्रश्न काय असू शकतो, एवढं कळेपर्यंत वाचते. जे कळलं नाही ते तिथल्या तिथे विचारते. मान डोलावून पुढे गेलं तर ऐकणारा तिथेच हरवतो.

कलावंतांशी बोलणं मला सगळ्यात अवघड वाटतं. त्यांना स्वतःबद्दल बोलायची सवय असते आणि प्रेरणा, वेदना, साधना हे शब्द फार लवकर येतात. तिथे मी साहित्याकडे आणि हत्यारांकडे वळते. शिल्पकाराला विचारलं, "रात्री मातीवर टाकलेलं ओलं फडकं सकाळी काढलंत की पहिली नजर कुठे जाते?" ते म्हणाले, "मूर्तीकडे थेट बघतच नाही. आधी आरशात बघतो." रोज बघून डोळ्यांना चूक दिसेनाशी होते. आरशात सगळं उलटं दिसतं, तेव्हा एक खांदा वर गेलेला लगेच खुपतो. आपल्याच कामाकडे परक्यासारखं बघायची ती धडपड ऐकताना मला त्यांच्या साधनेबद्दल जे कळलं, ते त्या शब्दाने कळलं नसतं.

आता शांततेबद्दल, कारण नव्या मंडळींची सगळ्यात जास्त गडबड इथे होते. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात असं त्यात दिसलं. एवढ्या वेळात वाक्य जुळवणं शक्य नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य बांधायला घेतलेलं असतं. रोजच्या गप्पांत ते चालतं. मुलाखतीत मात्र पाहुण्याच्या उत्तराचं शेवटचं वाक्य आपण ऐकतच नाही, आणि बहुतेकदा खरी गोष्ट त्याच वाक्यात असते. मेरी बड रो या शिक्षणसंशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग्ज तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबत. ते तीन सेकंद थांबायला लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मोठ्या माणसांचंही तसंच आहे. उत्तर संपल्यावर मी मनात तीन आकडे मोजते, नजर पाहुण्यावर ठेवते. पुष्कळदा तो स्वतःच म्हणतो, "खरं सांगू का..."

असे थांबे मी एडिटिंगमध्ये काढत नाही. हल्लीचं सॉफ्टवेअर सगळ्या शांत जागा आपोआप गाळून देतं. ते वापरायचा मोह मोठा आहे, कारण तासाचा भाग चटकन आटोपशीर होतो. पण कठीण प्रश्नावर माणूस चार सेकंद थांबला, तर ते चार सेकंदही त्याचंच उत्तर आहे. ते कापलं की विचार करून बोललेला माणूस पाठ केल्यासारखा बोलताना ऐकू येतो. हे मला खोटेपणाचं वाटतं.

आणखी एक नियम मी पाळते, त्यावर या क्षेत्रातल्या मित्रांशी माझे वाद होतात. भाग प्रसिद्ध होण्याआधी पाहुण्याने फोन करून "तेवढं काढता का?" म्हटलं, तर मी कारण न विचारता काढते. डॉक्टरला वाटतं पेशंट ओळखू येईल. कामगाराला मुकादमाची भीती असते. ज्याच्या हातात सत्ता आहे, त्याला ही सवलत मी देत नाही, आणि ते त्याला माइक लावण्याआधीच सांगते. पण आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच माइकसमोर बसलेला माणूस गप्पांच्या भरात किती उघडा पडतो, हे त्याला घरी गेल्यावर कळतं. त्याच्या रोजीरोटीपेक्षा माझा भाग मोठा नाही.

पाहुणा प्रसिद्ध हवा का, असंही विचारतात. स्टड्स टर्केल यांनी शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी रेडिओवर १९५२ पासून १९९७ पर्यंत मुलाखती घेतल्या. त्यांच्याकडे नामवंत कलाकारही आले, पण १९७४ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं ते वेटर, पोलाद कामगार, कबरी खणणारा अशा माणसांच्या रोजच्या कामावरच्या बोलण्याचं. मला हवी तशी पाहुण्यांची यादी तीच.

पुढच्या भागात खुणांच्या भाषेच्या दुभाष्या येणार आहेत. मोठ्या कार्यक्रमात हे लोक जोडीने काम करतात आणि साधारण वीस मिनिटांनी पाळी बदलतात, कारण एकाग्रता टिकत नाही आणि मग चुका वाढतात. पाळी नसलेला जोडीदारही मोकळा नसतो. सुटलेलं नाव, निसटलेला आकडा तो पुरवत राहतो. माझ्या वहीत पहिला प्रश्न लिहून ठेवलाय: "पाळी तुमची नसते तेव्हा तुम्ही कुणाकडे बघत असता, बोलणाऱ्याकडे, जोडीदाराच्या हातांकडे, की समोर बसलेल्यांच्या चेहऱ्यांकडे?"